डाव्या सीटवरचा ओलावा

बसा, बसा मंडळी! मागच्या बाया जरा पुढं सरका, खांबाआडून कीर्तन दिसत नाही. पेटीवाले, तुमचा सूर आता जरा खाली ठेवा. आता जे सांगायचंय ते मोठ्यानं सांगायचं नाही.

एक प्रश्न विचारतो. खोटं बोलणं पाप — हे तुमचं पोरगंसुद्धा सांगेल. पण न बोलणं? समोरच्यानं जेवढं विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर दिलं, आणि जे विचारलंच नाही ते पोटात ठेवलं — हे काय? पुण्य? हुशारी? का तेही खोटंच?

बघा, लगेच माना खाली गेल्या! अहो, अजून मी कुणाचं नाव घेतलेलं नाही!

ऐका तर. अकोले तालुक्यातल्या डोंगरात, वर, कारवाडी म्हणून वस्ती. तिथला लहानू गभाले. आयुष्य गेलं दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात. गाडी नुसती सुरू झाली तरी आवाजावरून सांगायचा, हिला काय झालंय. आणि त्याची बायको चांगुणा. ती कमी बोलायची. पण बोलली की लहानू गप्प! हसू नका, तुमच्याही घरी हेच आहे.

वाडीचा रस्ता कसा? उभा चढ, लाल चिखल. पावसाळ्यात साधी गाडी अर्ध्यावर येऊन मागं घसरायची. गेल्या पावसात चांगुणाच्या बापाच्या छातीत कळ आली. बांबूला घोंगडी बांधली, डोली केली, चार माणसांनी खांद्यावर घेऊन खाली आणला. खाली आणला तेव्हा म्हातारा गार पडलेला. त्या दिवशी लहानूनं ठरवलं — चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची. फोर बाय फोर पिकअप. जुनी का असेना. दूध खाली जाईल, आणि माणूस वेळेवर दवाखान्यात जाईल.

चैत्रात कळलं, खालच्या गावात त्र्यंबकतात्या आवारींना तशी गाडी विकायचीय. तात्या म्हणजे मोठा बागायतदार. सप्त्याला पहिली पंगत त्यांची. कीर्तनाला पुढच्या रांगेत... नाही, नाही, तुम्ही कशाला दचकता आबा? हे दुसरे तात्या!

नवराबायको गेले. ऊन असं, की अंगणात पाय टेकवत नव्हता. गाडी वस्तीच्या मागं, चिंचेखाली उभी. लहानूनं आधी बॉनेटवर हात ठेवला. का माहितीय? गरम असलं तर समजायचं, मालकानं आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवलीय, थंड इंजिनाची खोड लपवायला. पण बॉनेट गार! लहानू म्हणाला, माणूस सरळ दिसतोय.

मग सुरू झाली तपासणी. अहो, पोरगी बघायला गेलेली माणसं काय बघतील, असा बघत होता तो! उताणा पडून खाली शिरला, चॅसी बोटांनी ठोकत ठोकत मागपर्यंत गेला. कुठं सडलीय का, कुठं वेल्डिंग मारलंय का. ऑइलची पट्टी काढून वास घेतला. सुरू केली, धूर बघितला. निळा नाही, काळा नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गोल फिरवली, कान लावला. कटकट नाही!

आणि तात्या? एकेका प्रश्नाचं खरं उत्तर!

“गिअरबॉक्स उघडलाय का तात्या?”

“एकदा उघडलाय.”

“फोर बाय फोरचा दांडा घट्ट जातोय.”

“जातो. थंडीत आणखी त्रास देतो.”

“डावा दिवा नवा दिसतोय.”

“फुटला होता. बदलला.”

मंडळी, इथं थांबा. कशानं फुटला? विचारायला हवं होतं ना? पण लहानूच्या मनात गाडी भरली होती. आणि ज्याचं मन भरलं, त्याची जीभ पुढचा प्रश्न विचारत नाही. तात्यानं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. दोघंही खुशीत!

एवढ्यात चांगुणा, पुढं डाव्या सीटवर बसून बघत होती, ती चटकन खाली उतरली. लुगड्याला मागून हात लावला.

“आवं, शीट वली हाये.”

चैत्रातली दुपार! काचा बंद! दोन महिने गाडी उभी, तात्याच म्हणाले होते! सीट ओली कशी?

लहानूनं हात लावला. बोटांना पाणी लागलं. आणि आत वास येत होता — भिजलेल्या लोकरीचा. पावसात घोंगडी भिजली की येतो ना, तसा.

“तात्या, हे पानी कुठून आलं?”

तात्यांनी चिंचेकडं बघितलं. “सांडलं असंल कुणी.”

हे त्या दुपारचं त्यांचं पहिलं खोटं.

लहानू म्हणाला, “चला, घाटात चढवून बघू. मला चढच चढायचाय.”

“घाटात कशाला? शेतात चालवा की! ढेकळांत घाला, चारही चाकं लावून बघा!”

“न्हाई तात्या. घाटच.”

तात्यांचा चेहरा उतरला. नाही म्हणावं तर गिऱ्हाईकाला संशय येणार. म्हणाले, “चला. पण मी मागं हौद्यात बसतो.” आपल्याच गाडीत, मालक, मागं! चांगुणाही ओल्या सीटवर बसायला तयार नाही, तीही मागं. म्हणजे पुढं लहानू एकटा. डावी सीट रिकामी.

निघाले. पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी अशी चढतीय, लहानूच्या अंगावर मूठभर मांस चढलं! मनात तर दुधाच्या कॅनी भरून ठेवल्या त्यानं. स्वच्छ ऊन. खाली दरी दिसतीय, वर घार फिरतीय.

आणि मोठ्या वळणाआधी गाडी जड झाली.

इंजिन तेच, गिअर तोच. पण कुणी तरी चढल्यावर गाडी कशी एका अंगाला बसते? तशी डावीकडं बसली. पुढच्या काचेवर आतून वाफ धरली. सगळ्या काचेवर नाही हं! फक्त डाव्या अर्ध्यावर. लहानूनं फडकं घेऊन पुसली. पुन्हा धरली.

आणि शेजारी कुणी तरी खोकलं.

लहानूला वाटलं, तात्या असतील. आरशात बघितलं. तात्या हौद्यात खाली बसलेले, तोंड गुडघ्यात घातलेलं. चांगुणा दांड्याला धरून उभी. मग खोकलं कोण?

तेवढ्यात आवाज. ठक, ठक. उतारू कसा दारावर बोटानं ठोकतो, थांबवा म्हणून? तसा. डाव्या दारावर. आतून!

लहानूनं ब्रेक दाबला. हाताचा ब्रेक ओढला. मान वळवायची हिंमत होईना. आणि डावं दार — हेच दार मघाशी दोनदा ओढल्याशिवाय उघडत नव्हतं — सावकाश, कुरकुर न करता उघडलं. गाडी डाव्या अंगानं हलकी झाली. वर आली.

मागून चांगुणा ओरडली, “आवं, कोन उतरलं? कोन हाय तो घोंगडीवाला?”

तिनं बघितला होता. डोक्यावरून घोंगडी घेतलेला माणूस. रस्ता ओलांडून दरीच्या कडेला गेला, कठड्यापाशी थांबला, खाली दरीत वाकून बघितलं. आणि तिनं पापणी मिटली, उघडली — कुणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, भूत आहे का नाही ते सांगा. मला विचारू नका! चांगुणाबाईनं जे सांगितलं ते मी सांगतोय. पण पुढचं ऐका, कारण पुढचं भुताचं नाही. माणसाचं आहे.

हौद्यात तात्या तसेच बसलेले. वर बघितलं नाही. आणि गुडघ्यांतूनच विचारलं —

“गेला का तो?”

ऐकलंत? “कोण” म्हणून नाही विचारलं! “काय झालं” म्हणून नाही! गेला का तो!

लहानू खाली उतरून मागं आला. “तात्या, दिवा कशानं फुटला?”

आणि मग तो माणूस फुटला. श्रावणातली गोष्ट. धुकं असं की बॉनेट दिसत नव्हतं. तात्या एकटेच गाडी घेऊन खाली येत होते. याच वळणावर डावीकडं दण्णकन काही तरी लागलं. दिवा फुटला. थांबले. वाटलं, जनावर असेल. काच खाली केली. आणि खालून, दरीतून, आवाज आला.

“दादा... वो दादा...”

जिवंत होता, मंडळी! हाक मारत होता! आणि तात्या इंजिन सुरू ठेवून बसून राहिले. एक हाक. दोन हाका. मग गिअर टाकला आणि निघून आले.

“तालुक्यात दिवा बदलला,” तात्या म्हणाले. “कुणी विचारलंच नाही रे मला. पोलीस आले नाहीत, कुणी आलं नाही. मी वाट बघत होतो, कुणी विचारलं तर सांगीन. कुणी विचारलंच नाही!”

चांगुणा खाली उतरून रस्त्याच्या कठड्याला धरून उभी होती. ती म्हणाली, “धुळा कोळपे. वरच्या वाड्यांनी घोंगड्या विकायचा. माझ्या बापाची डोली ज्या घोंगडीची केली, ती त्याच्याकडनंच घेतलेली. त्याची बायको ठकूबाई. दर बाजाराला येती. घोंगडीवाला दिसला का, म्हनून विचारीत फिरती. लोक तिला म्हनत्यात, पळून गेला तुझा नवरा, दुसरी केली आसंल.”

तात्यांनी हौद्यातून उतरून लहानूचे पाय धरले. एवढा मोठा माणूस! “गाडी घेऊन जा. काही देऊ नको. नुसती ने. पण हे इथंच राहू दे. तुझी वाडी वर, डोंगरात. तिकडं कोण विचारणार?”

आणि खरं सांगतो, लहानू गप्प बसला. का बसणार नाही? डोळ्यांसमोर पुढचा पावसाळा होता. कुणाची तरी डोली होती. आणि फुकट उभी असलेली, उत्तम, चारही चाकं ओढणारी गाडी होती. तुम्ही काय केलं असतं? उत्तर मला देऊ नका.

तो गप्प बसला — आणि डावं दार आपोआप मिटलं. हलकेच. गाडी पुन्हा डावीकडं बसली. आता जणू कुणी लहानूबरोबर जायला तयार होऊन बसलं होतं.

लहानूनं त्या दाराकडं बघितलं. त्याला कळलं. गाडीबरोबर काय मिळणार आहे ते कळलं.

“तात्या,” तो म्हणाला, “उठा. फुडं बसा.”

“पुढं नको रे! तुझ्या पाया पडतो!”

“फुडं बसा. ठकूबाईच्या वाड्यावर जायाचंय. तुमाला सांगायचंय. मी न्हाई सांगनार, तुमी.”

तात्या बसले. त्या ओल्या सीटवर बसले. उजवीकडं लहानू चालवतोय, डावीकडं तात्या, आणि दोघांच्या मधे हातभर जागा मोकळी. पण तात्या सगळ्या वाटेनं दाराला चिकटून, अंग चोरून! एस्टीत तिघांच्या बाकावर कडेचा माणूस बसतो ना, तसे. लहानूनं एकदाही तिकडं बघितलं नाही.

माळावर मेंढरांचा वाडा. पालाबाहेर ठकूबाई लोकर पिंजत बसलेली. कपाळाला ठसठशीत कुंकू. गाडी थांबली. ती उठली, जवळ आली, खिडकीशी थांबली. नाक उचललं. वास घेतला.

“धनी कुठं हाईत?” ती म्हणाली.

अजून कुणी शब्द बोललं नव्हतं!

तात्या उतरले. मातीत बसले. सांगितलं. धुकं, धक्का, दरी, सगळं सांगितलं. ठकूबाई उभीच होती. रडली नाही. तिनं एकच विचारलं.

“पडल्यावर हाक मारली का त्यांनी?”

आता बघा हं! तात्यांना किती सोपं होतं! म्हणायचं, नाही माय, जागच्या जागी गेला, त्याला काही कळलं नाही. तिच्याही जिवाला बरं वाटलं असतं. चांगुणासुद्धा मनात म्हणत होती, नाही म्हणा, तात्या, नाही म्हणा.

तात्यांनी वर बघितलं. म्हणाले, “मारली. दादा म्हणून मारली. मी ऐकली.”

ठकूबाईनं हातातली लोकर खाली टाकली. मग म्हणाली, “सगळी म्हनत हुती, पळून ग्येला. मी म्हनत हुते, न्हाई. त्यो मला टाकून जायाचा न्हाई.” आणि तिथंच, उन्हात, मातीत बसली. आणि तेव्हा रडली. नवरा मेला म्हणून रडली का नवरा आपलाच होता म्हणून रडली, हे तुम्ही बायांनो ठरवा. मला नाही कळत.

पुढं काय? तात्या स्वतः चौकीवर गेले. गावची पोरं दोर लावून दरीत उतरली. झाडीत अडकलेली घोंगडी सापडली, हाडं सापडली. ठकूबाईनं अग्नी दिला. तात्यांना शिक्षा झाली, भोगली त्यांनी. गाडी पोलिसांच्या आवारात गवतात उभी राहिली. लहानूला मिळाली नाही. त्या पावसाळ्यात कारवाडीत पुन्हा डोली उचलावी लागली. हो, लागली! देव लगेच बक्षीस देतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पुढच्या साली कुठून तरी एक खटारा घेतला त्यानं. आवाज करतो, धूर सोडतो. पण लहानू त्यात एकटा बसतो.

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही म्हैस विकता. लाथ मारते, हे सांगता का? पोराचं लग्न ठरवता. त्याला फिट येते, हे सांगता का? जमीन विकता, भावाचा दावा सांगता का? नाही. का? विचारलंच नाही त्यांनी! हेच ना?

अहो, तुम्हाला कुणी तरी विचारतंयच. रोज विचारतंय. जेवताना विचारतंय, झोपताना विचारतंय. तुम्ही काच वर करून बसलाय, एवढंच.

आता टाळ उचलायचे आहेत, पण थांबा. ज्याच्या पोटात असं काही अडलंय, त्यानं आज माझ्याबरोबर नाम घेऊ नये. रागानं नाही म्हणत, मायेनं म्हणतोय. त्यानं मुकाट उठावं, चपला घालाव्यात, आणि ज्याला सांगायचंय त्याच्या दारात जावं. कीर्तनातून उठलात म्हणून कुणी हसणार नाही. आधी त्या माणसाचं नाव घ्या. मग देवाचं घ्या.

मी थांबतो. जा.