पडवीचे खांब

अजून डोकं फिरतं सांगताना! निर्मळ गावातलं ते जुनं घर आम्ही घेतलं, तेच मुळी पुढच्या पडवीच्या चार सागवानी खांबांसाठी. बायकोने ठेकेदाराला बजावलं होतं, ‘मागचं सगळं पाडा, पण पडवीला हात लावायचा नाही.’ रविवारी जाऊन बघतो, तर पडवीच गायब!

‘जुनी झाली होती वहिनी. सिमेंटची मस्त करून देतो,’ ठेकेदार म्हणाला.

‘आणि खांब?’

‘बेकरीवाल्याला दिले, भट्टीसाठी.’

कधी आवाज न चढवणारी माझी बायको तशीच बेकरीत धावली. तीन खांब जळून गेले होते. उरलेला एक तिने टेम्पोत घालून आणला आणि ठेकेदाराच्या पुढ्यात टाकला.

तो म्हणतो, ‘वहिनी, एका खांबावर पडवी कशी उभी राहणार?’

बायको कडाडली, ‘बाकीचे तीन तुझ्या घराचे काढून आण!’