माफीचा प्रसंग

अलेक्झांड्रियात सिनेमा सुटला. समीक्षक वहीब ट्रामच्या बाकावर परीक्षण जुळवत बसला होता. थोर बॉक्सर मरताना बायकोची माफी मागतो, तो प्रसंग तद्दन खोटा, असं त्याला ठणकावून लिहायचं होतं. शेजारी दोन म्हाताऱ्या बहिणी टेकल्या.

“इनायतताई, तुझ्या नवऱ्याने खरंच माफी मागितली होती?”

“छे गं! त्याच्या मातमाला मी कॉफीत साखर घालून प्यायले, विसरलीस?”

“विसरेन कशी! सगळ्या बायका दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे कडू कॉफी पीत होत्या, आणि तू खुशाल चमचा ढवळत होतीस. मग सिनेमावाल्यांनीच घुसडलं म्हण.”

“त्यांनी कशाला? मीच सांगितलं त्यांना.”

“अगं, धडधडीत खोटं?”

“जन्मभर वाट पाहिली. शेवटी पडद्यावर का होईना, बोलला बाई एकदाचा. उद्या पुन्हा येतेस?”