बाटलीऐवजी वही

नाही, बसत नाही मी डॉक्टर, बसायला आलेलो नाही — ही घ्या तुमची वही. नाडी नका बघू, नाडी चांगली आहे. महिन्यापूर्वी झोप येत नाही म्हणून आलो होतो ना, बाटली मागितली होती मी — लाल, पिवळी, कसलीही, डोसांची कागदी पट्टी चिकटवलेली, सगळ्या गावाला देता तशी. आणि तुम्ही काय दिलंत? वही! म्हणे शांत बस, श्वासाकडे लक्ष दे, मनात येईल ते रोज लिही, गेलेल्या भावाला पत्र लिही, ऊर हलका होईल. अहो, बोळिंजात कुणाला सांगितलं तर हसून हसून मरतील. हिरामणला ताप आला तर त्याला सुई टोचलीत, त्याला नाही वही दिलीत. मीच काय घोडं मारलं होतं तुमचं?

लिहिलं की. चौथीतून हाकललेला असलो म्हणून काय झालं, विड्याच्या पानांच्या करंड्यांवर चिठ्ठ्या मीच लिहितो — पाठवणार, घेणार, माल, स्टेशन. तेवढंच येतं. बसलो केळीखाली, श्वासाकडे लक्ष दिलं — श्वासात काय असतं बघण्यासारखं? — आणि लिहिलं, घेणार जगन्नाथदादा. पुढे स्टेशन. काय लिहू स्टेशन? सांगा ना, पुण्याला शिकलात तुम्ही. दिल्लीचा माल विरारहून चढतो, ह्याचा कुठून चढवायचा? आणि मालापुढे काय लिहू — रडणं?

हसताय? हसा. दादापण हसायचा माझ्या अक्षराला, कोंबडीने उकरलंय म्हणायचा. तुम्ही त्याला बघितलंत ते ओसरीवर, चटईवर — तो दादा नव्हे. दादा रहाटाचा माणूस. नुसतं ‘हो’ म्हणाला की रेडा थांबायचा. इंजिन मी आणायला लावलं. लोकांच्या विहिरीत इंजिनं आली आणि आपण अजून रेड्यामागे फिरतोय, लाज वाटते म्हटलं, तीन दिवस जेवलो नाही. आणलं बिचाऱ्याने. विहिरीत खाली कट्टा बांधून बसवलं. तर त्याच्याशीही रेड्याशी बोलावं तसं बोलायचा — ‘दमलास का रे?’

गाव काय म्हणतं ठाऊक आहे? जगन्नाथला अक्कल नव्हती, चालू इंजिनाजवळ उतरला, धुरात गुदमरला. जयवंतीवहिनी तेच म्हणते. नवऱ्यासाठी रडत नाही, त्याच्यावर चिडते — माणूस इतका कसा वेंधळा, म्हणते, माझा नाही तर पोराचा तरी विचार करायचा. त्याचा निळ्या रेघांचा सदरा खुंटीवरून काढून गड्याला देऊन टाकला तिने. वेंधळा नव्हता तो! — ओरडत नाहीये मी. — वेंधळा नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मिस्त्रीने? इंजिन बसवलं त्या मिस्त्रीने सांगितलं होतं की. धुराची नळी विहिरीच्या वर काढा, तोवर इंजिन चालू असताना कुणाला खाली उतरू देऊ नका. कुणाला म्हणजे — मला. मी करंड्या बांधत होतो. हो हो म्हटलं. नळीचं बघू पुढच्या आठवड्यात म्हटलं. गाडी चुकेल म्हणून इंजिन चालू ठेवून पळालो स्टेशनवर. आणि दादाला काय सांगितलं — केळींना पाणी झालं की खाली उतर, दांडा ओढ आणि इंजिन बंद कर. एवढंच. त्याने दोनदा विचारलं, कुठला दांडा. दोन्ही वेळा खेकसलो.

काय वाचताय? मिटा ती वही. ते शेवटचं आहे, तुमच्यासाठी नाही. ‘मिस्त्रीने मला सांगितलं होतं. मी नळी वर काढली नाही. मी दादाला सांगितलं नाही.’ तीन ओळींना चार दिवस लागले. आणि हलकं? डोंबलाचं हलकं! मनात होतं तेव्हा निदान कुणाच्या हाती तरी लागत नव्हतं. आता वही पेंढ्यात लपव, तांदळाच्या डब्यामागे लपव, घरात कुठे ठेवायची सोय नाही. वहिनीला वाचता येतं, सातवी शिकलीय ती. म्हणून आणली इथे. ठेवा तुमच्या बाटल्यांमागे, नाहीतर घाला बंबात.

काय? — नाही. नाही सांगितलं. कुणालाच नाही. तुम्हाला आत्ता — तुम्हालाही सांगायचं नव्हतं. असं बघू नका माझ्याकडे.

गडी तो सदरा घालून येतो बागेत. परवा वाकून पाण्याचा दंड फोडत होता, पाठ दिसली फक्त. मी हाक मारली. दादा म्हणून. वहिनी तिथेच उभी होती.

द्या ती वही. द्या म्हणतो ना, कागद तुमचा असेल, अक्षर माझं आहे. नाही घालत बंबात. तोंडाने नाही जमायचं मला तिच्यापुढे. पण तिला वाचता येतं.

आणि औषध लागू पडलं म्हणून गावभर सांगत फिरू नका. झोप अजून येत नाही मला. बोलवा पुढच्याला.