पूर्ण लांबीची गादी

— नाही, सूड हाच शब्द मी वापरला, बाळासो, आणि तो विचारपूर्वक वापरला. बसा, चहा निवतोय. तुम्ही रोहनचे मित्र, कंपनीत एकाच शिफ्टला. माझं बोलणं त्याच्या कानावर जाणार, हे मी जाणतो. जाऊ द्या की! उद्या अवश्य सांगा — आज मात्र नको. आजची रात्र त्याला वडगाव रासाईला, भीमेकाठच्या गोट्यांवर निजू द्या आधी.

काय केलं म्हणता? सांगतो. ही मंडळी तिघं — माझा रोहन, सूनबाई राजश्री आणि नात ऋतिका — एका मोटारसायकलवर तंबू घेऊन जाणार, म्हणून ओझं हलकं हवं. हलकं! या मुलाला हलकेपणाचं वेडच लागलेलं आहे. दिवाळीत म्हणाला, "आबा, लय वजन झालंय घरात" — आणि मी केडगावला गेलेलो असताना माझे ग्रंथ दौंडच्या रद्दीवाल्याला घातले. किलोवर! दीक्षाभूमीहून दरवर्षी डोक्यावरून आणलेले ग्रंथ, बाळासो. शाळा माझी चौथीत सुटली; आज चार शब्द शुद्ध बोलतो ते त्यांच्यामुळे. त्या फळीवर आता याचा तंबू असतो. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही — एक अक्षर नाही.

आणि परवा राजश्री आली, फोमच्या तीन गाद्या घेऊन. "आबा, तुमी कंपनीत सीटा शिवायचा न्हवं, मग एवढं करा की." दोन गाद्या खांद्यापासून कंबरेपर्यंतच ठेवायच्या, पाय सामानाच्या पिशवीवर टाकायचे — वजन निम्मं. तिसरी मात्र पूर्ण लांबीची. म्हटलं, वा! बायकोपोरीनं अर्ध्यावर निजायचं आणि हे राजे अख्ख्या गादीवर! — नाही, कोणाची ते तिनं सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं? घरातली धड गादी कर्त्या पुरुषाची, हे मला कोणी शिकवायचं? आमची ही, गेली बिचारी, जन्मभर गोणपाटावर निजली. गादी एकच होती, ती माझी. पंख्याखालची जागाही माझी. तिनं कधी — असो. पद्धतच ती, म्हणून सांगतो.

तर ती पूर्ण गादी मी उसवली. पाठ आणि कंबर टेकते तिथला फोम हॅक्सॉच्या पात्यानं आतून कोरला, पापडाएवढा पातळ थर ठेवला आणि खोळ पुन्हा शिवली — टाका असा, की सुपरवायझरलाही दिसू नये. हलकं हवं होतं ना? घे हलकं! रात्रभर एकेक गोटा बरगडीत रुतेल, तेव्हा कळेल ग्रंथांचं वजन काय असतं ते —

असं का पाहता? हो, मागच्या खेपेला तुम्हीही होतात त्यांच्याबरोबर, ठाऊक आहे मला. मग?

कोण?

ऋतिका — झोपेत पाय झाडते, पिशवी लाथाडते, म्हणून अख्खी गादी तिला? आणि तो? तो अर्ध्यावर? — नेहमीच?

गेल्याच आठवड्यात तापातून उठली आहे पोर. गार गोट्यांवर —

नाही, तुम्ही नका सांगू त्याला. तुमचा फोन द्या इकडे. नंबर लावून द्या, मला दिसत नाही — आणि ओट्यावर जाऊन उभे राहा. मला मुलाशी बोलायचं आहे.

जा म्हणतो ना!