आपटून बघायचं

डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्यांत औषध घालून आम्हाला डोळे मिटून बसवलं होतं. शेजारचे बापलेक हे खरंच बोलले, की मला डुलकी लागली होती, कोण जाणे.

"प्रोटॉनच्या आतलं कळतं कसं?"

"आम्ही प्रोटॉन एकमेकांवर आपटतो, बाबा."

"घड्याळजीची पोरगी आणि चाकं मोजायला घड्याळ आपटते? वा!"

"जितकं जोरात आपटावं, तितके आत ग्लुऑन, म्हणजे प्रोटॉनला आतून बांधून ठेवणारे कण, जास्त सापडतात. एकाचे दोन, दोनाचे चार."

"मावतात कसे?"

"फार दाटी झाली की दोघांचा एक होत असावा. तेच शोधायला परदेशातल्या प्रयोगशाळेत बोलावलंय, तीन वर्षं. पण तुमची नजर अशी जात चाललेली..."

"तुला तरी ते ग्लुऑन दिसतात का?"

"छे! उडालेल्या तुकड्यांवरून ओळखायचे."

"मग तू परत आलीस की मी पावलांवरून ओळखेन. जाऊन ये. आणि हे माझं घड्याळ ने. ते मात्र आपटू नकोस."