वायसर मीच बदलणार

शिकून रनाळ्याला परतलो, त्याच आठवड्यात मी काय केलं ते ऐका. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. आईला म्हटलं, "पाणी वाचवायची सुरुवात घरापासून. वायसर मीच बदलणार."

आई म्हणाली, "भाऊ, प्लंबरले बलाव."

मी कुठला ऐकतोय! नळाचा वरचा भाग खोलला आणि धार थेट छताला. टाकीचा कॉक बंद करायचाच राहिला होता. मी अंगठ्याने भोक दाबून धरलं, वडील गच्चीवर धावले. पण तो गंजलेला कॉक त्यांना फिरेना.

तेवढ्यात शेजारचे म्हातारे दगाबाबा मला भेटायला, कधी आलास असं विचारत आत आले. "कव्हय उना रे भाऊ?"

कितीही लांब जाऊन शिकलो तरी वडीलधारं माणूस दिसलं की कंबर आपोआप वाकते. मी दोन्ही हातांनी पाया पडलो. बाबा टोपीपासून धोतरापर्यंत भिजले.

"खुशी ऱ्हाय," ते म्हणाले, "पन मी आंघोय करीसन उनू रे!"

मी पुन्हा अंगठा दाबला. दारात काका आले होते. आई त्यांना सांगत होती, "घरमा या, पन त्याले पाया पडू देऊ नका."