पोरगी वाजवते का नुसती उभी राहते

माझं जन्मगाव यावल. आजूबाजूले सगया केयीच्या बागा, पन आमची बाग नव्हती, आमच्या आबांचं, म्हनजे वडलांचं, लाउडस्पीकरचं दुकान व्हतं, लग्नाले, भंडाऱ्याले, निवडनुकीले मायक आनि भोंगे भाड्यानं द्यायचे. मानूस भला, पन संशयी, काय सांगू तुमाले ताई, भोंगा परत आला की आधी ठोकून पाहायचे, बदलला तर नही? कोनी सकायी राम राम केला तरी म्हनायचे, हा आज राम राम काहून करतो? तेच माझ्या अंगात उतरलं.

गिटार मी आडवी शिकले, मांडीवर घेऊन पट्टी सरकवायची ती, पोरींले तीच शोभते म्हनत त्या काळी. मंग एकदा सुट्टीत भुसावयले मावशीकडे गेले, शेजारी रेल्वेच्या ड्रायव्हरचं घर, त्यांच्या खिडकीतून इंग्रजी क्यासेट ऐकू आली. त्यातली गिटार रडत नव्हती ताई, भांडत व्हती. आवाज फाटायचा पन तुटायचा नही. मी भिंतीले कान लावून उभी, मावशी म्हने, काय झालं वो पोरी, मी म्हनलं काही नही. पन झालं व्हतं.

पुढं जयगावच्या एका ऑर्केस्ट्रात लागले, मालकांले सगये नाना म्हनत. उभी गिटार गयात घालून वाजवायची, नानांनी कलकत्त्याहून आनलेली जुनी गिटार मले दिली. पन तिचा आवाज म्हनजे डब्यात खडे हलवावे तसा. आबांनी उघडून पाह्यली, म्हने हिचा पिकअप मेला. पिकअप म्हनजे तारांखाली ती काया रंगाची पट्टी असते ना, आत चुंबक आनि त्याच्यावर केसासारखी तांब्याची तार गुंडाययेली, ती तारेची थरथर पकडते आनि अँप्लीफायरले देते. पट्टी बदलली की गिटारीचा गयाच बदलतो.

धुयाले बँडच्या सामानाचं एक दुकान व्हतं, हकीमभाईंचं. मी गेले तर म्हने, किसके लिये चाहिये बेटी, भाई बजाता क्या? मी म्हनलं मी वाजवते. त्यांनी एकदा मले पाह्यलं, एकदा माझ्या हाताले. मंग दोन पिकअप ठेवले, एक अरुंद, एक रुंद. म्हने ये पतलावाला लेके जा, फॉरेन का है. मी उलटा करून पाह्यला तर मागचं नाव खरवडलेलं. मी म्हनलं फॉरेनचं नाव कोन खरवडतं हो भाई? ते हसले आनि पट्टी पुन्हा सुलटी करून ठेवली. मी म्हनलं, तोंडानं नका सांगू, दोन्ही गिटारीले जोडून दाखवा. आता हकीमभाई चिडले, म्हने लोग रंग देख के लेते, तेरे को शक बहुत है.

पन जोडले हो. अरुंदाचा आवाज स्वच्छ, स्टीलचा पेला फरशीवर पडावा तसा, पन वर ट्यूबलाइट व्हती, तिच्याकडे गिटार फिरवली की गूंऽऽ करायचा, भुंगा बसल्यावानी. रुंद पट्टीत दोन गुंडाया शेजारीशेजारी, उलटसुलट, त्यामुयं गुनगुन एकमेकीले मारून टाकते. अँप्लीफायर पुरा वर केला, तार ओढली, आनि ताई, माझ्या अंगावर काटा आला. तोच भुसावयचा आवाज, जाड, मधाच्या पोयासारखा, आनि चावनारा. मी म्हनलं हाच. घोडीजवय बसवा, जिथून तारा निघतात तिथं, चावा तिथंच येतो. ते बसवत व्हते तोवर मी त्यांच्या हातावरून नजर काढली नही, न जानो, दाखवायचा एक आनि बसवायचा दुसरा.

पयला कार्यक्रम धरनगावले. मी तो आवाज काढला आनि मागची मानसं उभी राह्यली. मी खुश. पन खाली उतरले तं कानावर आलं, पोरगी कुठं वाजवते, ती नुसती उभी राहते, वाजवतो तो कीबोर्डवाला. कीबोर्डवाला म्हनजे प्रकाश, नानांचा सख्खा भाचा. लोकांनी त्याची पाठ थोपटली, काय गिटार काढतो रे कीबोर्डातून! आनि प्रकाशनं नही म्हनलं नही. हसला नुसता. ते हसनं मी पाह्यलं.

त्यानंतर जिथं जाऊ तिथं आमच्या आधी तीच गोष्ट पोचलेली. आता तुमी सांगा, धरनगावची गोष्ट चोपड्याले आपल्या पायानं जाते का? कोनी तरी नेतं ना? मी नानांले म्हनलं, एक गानं प्रकाशले खाली बसवा. नाना म्हने, भाच्याले चार लोकांत खाली बसवू? मंग म्हने, कुसुम, लोकांले तसंच वाटते ना, तं मंग तू गिटार गयात घालून नुसती उभी राहात जा, हसरी, प्रकाश कीबोर्डावर काढेल, गिटारीची वायर ओढायची कटकट नही. मले वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. मी विचारलं, नाना, तालमीत तुमच्यासमोर वाजवते ती कोन? तं ते म्हने, तालमीत प्रकाशही असतोच ना. म्हनजे यांलेही संशय! माझ्या डोयात पानी आलं, पन त्यांच्यापुढं काढलं नही.

पुन्हा धुये. हकीमभाई म्हने, अब क्या? मी सगयं सांगितलं. ते म्हने, बेटी, लोग आवाज पे नही, सूरत पे शक करते. मी म्हनलं, तो गुनगुननारा अरुंद पन बसवा, आनि मधे खटका द्या, एका वेयी एकच पट्टी चालू राहील असा. त्यांनी पेचकस घेतला.

पाचोऱ्याले कार्यक्रम, समोर बाया-मानसं खच्चून. माझी वाजवायची पाई आली. गानारी बाई वाट पाहते, नाना बाजूनं हात हलवतात, सुरू कर. मी सुरू केलं नही. खटका अरुंदावर टाकला आनि तारांवरचा हात उचलला. गूंऽऽ. स्टेजच्या लाइटांकडे फिरले, गूं मोठं झालं. पाठ केली, बारीक झालं. तारांवर हात ठेवला, मवाय झालं. उचलला, पुन्हा भुंगा. लोक हसाले लागले. प्रकाशचे हात कीबोर्डावर तसेच, तो कुठलं बटन दाबनार? पुढं बसलेली एक म्हातारी वरडली, तीच वाजाडी ऱ्हायनी रे, मना डोयासमोर शे! म्हनजे तीच वाजवते, माझ्या डोयांसमोर आहे. तेव्हा मी खटका रुंदावर टाकला, भुंगा गप झाला, आनि वाजवलं. पोटातून वाजवलं ताई. भांडत वाजवलं.

नानांनी पुन्हा कधी उभं राहायची गोष्ट काढली नही. प्रकाश काही दिवसांनी दुसऱ्या ऑर्केस्ट्रात गेला. गोष्ट त्यानंच पसरवली का, मले आजवर ठाऊक नही. मधे एका लग्नात भेटला, केस पांढरे, पाया पडला, म्हने अक्का, तुमच्यासारखा हात पाह्यला नही. मी आशीर्वाद दिला, पन मनात म्हनलं, हे तू तेव्हा धरनगावले म्हनला असता तं?

आता ऑर्केस्ट्रे राह्यले नहीत, माझी बोटंही आखडली. घरी दोन-तीन पोरी शिकाले येतात. एकीची आई सगया वेय दारात बसून राहते, चपला हातात घेऊन, शिकवनी खरीच आहे का काय चाललंय म्हनून. पोरीले लाज वाटते, आई जा ना घरी म्हनते. मी म्हनते बसू दे तिले. काल पोरगी सूर चुकली, तर दारातून आईच म्हने, परत घे, चुकलं. मी तिले आत बोलावलं, म्हनलं ये माय, इथं गादीवर बस, तिथं दारात वारा लागते. देव त्या मायलेकींचं भलं करो.